हलू नका, लेन्स नवी आहे

फोटो काढून झाला की हल्ली कुणी जागेवर उभं राहत नाही. खटक्याचा आवाज येताच समोरची सगळी मंडळी रांग मोडून कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला धावतात. "बघू, बघू, माझे डोळे मिटलेत का?" माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटी पत्र्याची चौकट आहे आणि तिच्यात रोलच्या खोक्याचं फाडलेलं झाकण खोचलेलं आहे. आत कोणता रोल घातलाय हे माणूस विसरतो, म्हणून कॅमेरा बनवणाऱ्यांनीच ही सोय करून ठेवली आहे. मंडळी त्या झाकणाकडे बराच वेळ बघतात. मग एखादी मावशी चष्मा वर करून म्हणते, "यात तर नुसतं 400 लिहिलंय."

"रोलचा कॅमेरा आहे, मावशी. फोटो नंतर दिसेल."

"नंतर म्हणजे कधी?"

"छत्तीस झाले की. मग रोल मुंबईला जाणार, तिथे धुतला जाणार, मग येणार."

"म्हणजे गणपतीपर्यंत येईल?"

हे बोलणं होळीच्या दिवशी चाललेलं असतं. मावशी तोंडभर हसते, "छान छंद आहे हो," म्हणते आणि तेच हसू तसंच ठेवून माझ्या पुतण्याच्या मोबाइलसमोर जाऊन उभी राहते. माझ्या रोलवर तिची पाठ येते.

मी घोलवडचा. आमचं गाव चिकूचं. 'डहाणू घोलवड चिकू'ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक पाहुणा चिकूचं काहीतरी मागतो. कुणाला चिप्स हवे असतात, कुणाला पावडर, आणि बोर्डीपर्यंत गेलेल्यांना चिकूची वाइन. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याला मी आधी कॅमेरा दाखवतो. आमच्याकडचे पाहुणे कमी झालेत हे बायकोचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्याला कॅमेराच कारण असेल असं मला वाटत नाही. पाहुण्यांना यायलाही त्रास होतो. चर्चगेटची लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत येते आणि आमच्या बरोब्बर एक स्टेशन अलीकडे थांबते. पुढचं एक स्टेशन यायला मेमूची वाट बघा, नाहीतर रिक्षा करा. त्यामुळे घोलवडचा माणूस वाट बघण्यात जन्मतःच तयार असतो. रोलच्या कॅमेऱ्याला याहून योग्य गाव पश्चिम रेल्वेवर नसेल, अशी माझी समजूत होती.

हा आजार घराण्यातला आहे. आमच्या वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार होणारा हा काळा डबा एके काळी घरोघरी असे. त्यात 120 चा रोल बसे आणि चौकोनी बारा फोटो निघत. लेन्सभोवती ऊन आणि ढग अशी चित्रं काढलेली असत. आकाशात जे दिसेल ते लावायचं, बाकी अक्कल चालवायची गरज नाही. रोल कधी परदेशी, कधी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. वडील बारा फोटो इतके पुरवून वापरत की माझं बारसं, शेजाऱ्यांची नवी स्कूटर आणि आजोबांचं वर्षश्राद्ध हे सगळं एकाच रोलवर आहे. त्यात मी, स्कूटर आणि भटजी तिघंही स्पष्ट आलेत. ऊन होतं, म्हणून वडिलांनी ऊन लावलं होतं. विषय संपला.

तो कॅमेरा माळ्यावरून मला सापडला आणि मी ठरवलं की आपणही साधेपणाकडे वळायचं. साधेपणाकडे वळणाऱ्या माणसाला किती सामान लागतं हे वळल्याशिवाय कळत नाही. कातडी पट्टा लागतो. खटक्यावर बसवायला पितळेची टिकली लागते; तिने फोटोत काही फरक पडत नाही, पण ती नसेल तर या छंदातले लोक तुमच्याशी नीट बोलत नाहीत. कॅनव्हासची पिशवी लागते आणि ती नवी असली तरी जुनी दिसावी लागते. शिवाय 'मी हल्ली घाई करत नाही' हे वाक्य दिवसातून एकदा कुणाला तरी म्हणावं लागतं.

आणि अर्थात कॅमेरा. वडिलांचा डबा मला अती साधा वाटला, म्हणून मी निकॉनचा एफएम2 घेतला. 1982 साली निघालेला हा कॅमेरा संपूर्ण यांत्रिक आहे. आत दोन बटणसेल असतात, पण ते फक्त प्रकाश मोजायला. सेल संपले तरी खटका चालतोच. माझ्या कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग आधीच्या मालकाबरोबरच निवृत्त झाला होता. त्यावर उपाय सोपा होता. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारं अॅप घेतलं. मोबाइलपासून लांब जाण्यासाठी घेतलेला कॅमेरा वापरताना मी आता प्रत्येक फोटोआधी खिशातून मोबाइल काढतो.

इथपर्यंत सारं ठीक होतं. मग कुणीतरी माझ्या कानात सांगितलं, "कॅमेरा जुना ठेव, पण लेन्स आधुनिक लाव. जुन्याचा आत्मा, नव्याची नजर." असली वाक्यं ऐकली की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

शास्त्राच्या दृष्टीने यात काही खोटं नव्हतं. निकॉनने 1959 साली 'एफ' नावाचा माउंट काढला, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स अडकवायचा तोंडाचा गोल खाचा, आणि पुढे कित्येक दशकं त्याचा आकार बदलला नाही. म्हणून डिजिटल काळातली लेन्सही माझ्या कॅमेऱ्यावर टक् आवाज करून बसते. मी पन्नास मिलिमीटरची, एक पॉइंट आठ अॅपर्चरची नवीकोरी लेन्स मागवली. एक पॉइंट आठ म्हणजे भलंमोठं भोक. अंधारात फोटो येतात, माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं लोण्यासारखं पुसट, असं तिच्याबद्दल वाचलं होतं. लेन्स आली, बसली. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे नवा जावई सासरी येतो तेव्हा घरच्यांना जसं उशिरा लक्षात येतं, तसं माझ्याही आलं.

पहिला रोल वाडीतल्या सावलीत काढला, मोबाइलने मोजलेल्या एक पॉइंट आठच्या हिशेबाने. मुंबईच्या लॅबमधून फोन आला.

"साहेब, रोल घातला होता ना?"

"अहो, घातला होता म्हणून तर पाठवला."

"नाही, लेन्सचं झाकण काढलं होतं ना?"

"झाकण काढून, बघून, मोजून काढलेत सगळे फोटो."

"मग बघा बुवा. रोल अगदी स्वच्छ आलाय." त्या 'स्वच्छ'मध्ये जो आदर होता, तो मी अजून विसरलेलो नाही.

फोर्टात एका जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात, त्यांच्यासमोर लेन्स ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"कडी कुठाय?"

"कसली कडी?"

"अॅपर्चरची. भोक लहानमोठं करायची. जुन्या लेन्सला बाहेरून फिरवायची कडी असते. या नव्या 'जी' लेन्सची काढून टाकली, कारण नवा कॅमेरा आतून हुकूम देतो, एवढं उघड, एवढं मीट. तुमचा कॅमेरा हुकूम देतच नाही."

"मग लेन्स काय करते?"

"घाबरून पूर्ण मिटते. प्रत्येक खटक्याला. तुम्ही आतून बघता तेव्हा उघडी दिसते, फोटो काढताना सोळावर जाते. पैसे दिलेत एक पॉइंट आठचे, वापरताय सोळा."

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एक पॉइंट आठ आणि सोळा यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ ऐंशीपट. म्हणजे मला जेवढा उजेड हवा होता त्याचा ऐंशीवा हिस्सा रोलपर्यंत पोचत होता. बाकीचा पैशांबरोबर गेला.

"आणि त्याहून नवी 'ई' लेन्स लावली तर उलटं," ते उत्साहात येऊन म्हणाले. "तिचं भोक विजेवर मिटतं. तुमचा कॅमेरा तिला वीज देत नाही. ती कायम उघडीच राहील."

एक कधी उघडत नाही, एक कधी मिटत नाही. मी विचारलं, "मग नीट चालणारी कोणती?"

"कडीवाली घ्या. हीच पन्नास, हाच एक पॉइंट आठ, नावात 'डी' असते. जुनी मिळेल, हिच्यापेक्षा स्वस्तात."

कुणीही शहाण्या माणसाने ती तिथल्या तिथे घेतली असती. मी "विचार करतो" म्हटलं. मराठी माणूस दुकानात विचार करतो म्हणाला की दुकानदार डबा बंद करतो. त्यांनीही केला. एकदा भरपूर पैसे मोजून घेतलेली वस्तू चुकीची आहे हे तिसऱ्या माणसाने सांगावं आणि आपण ऐकावं, हे आमच्या घराण्यात आजवर झालेलं नाही. गाडीत बसल्याबसल्या मी ठरवलं: लेन्स सोळावर अडली आहे ना? मग आपण सोळाचेच होऊ.

आणि नशिबाने सोळाच्या नावाचा एक नियमच निघाला. 'सनी सिक्स्टीन' म्हणतात त्याला. लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर सोळावर ठेवायचं आणि रोलचा जो आकडा असेल, शंभर, चारशे, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाचा खटका द्यायचा. मोजमाप नको, मोबाइल नको. म्हणजे माझी लेन्स चुकीची नव्हतीच. तिला ऊन हवं होतं. लख्ख, भर दुपारचं.

मे महिन्यात भर बारा वाजता बोर्डीच्या किनाऱ्यावर सगळ्या कुटुंबाला उभं करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल तर तो मी. सुरूची सावली शंभर पावलांवर होती. कुटुंब सारखं तिकडे बघत होतं.

"अहो, पाय भाजतायत."

"एक सेकंदाचा चारशेवा भाग, फक्त तेवढाच वेळ लागेल."

"आणि उभं करायला लागलेली पंधरा मिनिटं?"

फोटो उत्तम आले, हे मी आजही सांगतो. सोळावर काढलेल्या फोटोत नाकापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. वाळूचा कण न् कण दिसतो, मागची होडी दिसते, होडीवरची दोरी दिसते आणि समोर ओळीने उभे असलेले घरातले सगळे सदस्य, एकजात डोळे मिटलेले. शेजारच्या इराणी काकींना तो फोटो दाखवला. त्यांची चिकूची वाडी आमच्या वाडीला लागून आहे आणि आमच्या घरातल्या प्रत्येक प्रकरणात त्यांना मत आहे. त्या म्हणाल्या, "डिकरा, आपल्या नवसारीची होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स घेऊन नेहरूंचे फोटो काढायची. तिने कधी नेहरूंना म्हटलं, की बारा वाजता वाळूत उभे राहा?"

मी गप्प बसलो. पण मनात आलं, होमाईंच्या लेन्सला कडी असणार.

खरी मजा सावलीत आली. चिकूच्या जुन्या झाडाखाली इतकी दाट सावली असते की खाली गवतही जपून उगवतं. शंभरचा रोल, सोळाचं भोक आणि ही सावली, म्हणजे खटका उघडा राहणार पाव सेकंद, अर्धा सेकंद, दिवस कलला असेल तर पुरता एक सेकंद. एवढ्या वेळात माणूस हलला तर त्याचा फराटा होतो. 1840 च्या दशकात फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसाच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावून ठेवत, तो हलू नये म्हणून. त्या चिमट्याचं चित्र मी पूर्वी पाहिलं होतं आणि बिचाऱ्या लोकांची कीव केली होती. आता एकविसाव्या शतकातली लेन्स लावून मी थेट तिथेच पोचलो होतो. चिमट्याची किंमतसुद्धा मनात चाचपून झाली.

वाडीत चिकू उतरवायला येणारे एक दादा आहेत. लांब काठीला जाळी बांधलेली असते, तिने ते बघताबघता झाड मोकळं करतात. मी त्यांना काठी वर धरून 'जसे आहात तसे' थांबायला सांगितलं. ते थांबले. मी मोजलं, फिरवलं, परत मोजलं. मग लक्षात आलं की रोल पुढे सरकवलेलाच नाही. तो सरकवला. शेवटी फोटो झाला तेव्हा दादांनी काठी खाली टाकली आणि बांधावर बसले.

"काय झालं?"

"काय नाय. ताकद गेली सगळी."

दादासाहेब फाळक्यांनी बडोद्याला फोटोचा धंदा काढला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत होती आणि त्यापायी धंदा बसला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. ती समजूत अंधश्रद्धा होती असं मी इतकी वर्षं मानत होतो. दादांच्या दंडांकडे बघून माझं मत थोडं हललं. पुढे तर दादा मला बघितलं की काठी झाडाला टेकवून ठेवत आणि विचारत, "आज पण मरायचंय का उभ्याने?"

या सगळ्याचा कळस भाचीच्या साखरपुड्याला झाला. रीतसर फोटोग्राफर बोलावलेला होताच, पण मामा म्हणून एक 'खरा' फोटो मी काढणार असं मी जाहीर केलं होतं. वाडीत, संध्याकाळी, झाडाखाली तीन रांगा लावल्या. पुढे मुलं, मध्ये खुर्च्यांवर वडीलधारे, मागे बाकीचे. कॅमेरा ट्रायपॉडवर. एक सेकंदाचा खटका.

"मी तीन म्हटलं की कुणी हलायचं नाही. श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

"किती वेळ?" नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं. त्यांना दम्याचा त्रास आहे हे नंतर कळलं.

"एकच सेकंद."

मी 'एक' म्हटलं तेव्हाच सगळ्यांनी श्वास रोखला. 'दोन'ला मला दिसलं की मागच्या रांगेतला एक जण झाडाआड गेलाय. त्याला पुढे घेतलं. परत 'एक'पासून. तोवर पुढच्या मुलांचे चेहरे जांभळे झाले होते. आत्या म्हणाली, "अरे, तीन म्हण रे मेल्या!" ते ऐकून रांग हसली आणि नेमक्या त्याच क्षणी माझं बोट दाबलं गेलं.

फोटो आला. त्यात चिकूची झाडं अप्रतिम आहेत, पान न् पान मोजून घ्या. खुर्च्या स्पष्ट आहेत. साड्यांचे काठ ओळखू येतात. माणसं मात्र वाऱ्याने उडून चालल्यासारखी दिसतात. प्रत्येकाने स्वतःला कपड्यांवरून ओळखलं. भाचीच्या सासरच्यांनी मुलगी ओळखली, हे आमचं नशीब. अख्ख्या फोटोत एकच माणूस डोळ्यांच्या सुरकुत्यांसकट स्पष्ट आलाय: मधल्या रांगेतले थोरले आजोबा. ते पहिल्या 'एक'च्याही आधी झोपले होते.

ही लेन्स जरा विश्रांतीला ठेवावी म्हणून पुतण्याची लेन्स मागून घेतली. ती होती छोट्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी बनवलेली. रोलची चौकट तिच्यापेक्षा मोठी. फोटोंचे चारही कोपरे काळे आणि मधोमध घोलवड, गोल. घोलवड स्टेशन गोल, समुद्र गोल, बायको गोल. शेवटच्या फोटोबद्दल मी लेन्सचा दोष असल्याचं पुन्हापुन्हा सांगितलं, पण दोन दिवस घरात वातावरण तंग होतं.

मधल्या काळात मुंबईला रोल पाठवून अब्रू घालवण्यापेक्षा तो घरीच धुवावा असंही मनात आलं. रंगीत रोलच्या रसायनाला अडतीस अंश तापमान लागतं, कृष्णधवलच्या रसायनाला वीस. कृष्णधवल सोपं, असं पुस्तकात होतं. ते पुस्तक थंड देशात लिहिलेलं असणार. घोलवडच्या नळाचं पाणी मे महिन्यात वीस अंशांवर आणायचं तर बर्फ हवा, आणि एवढा बर्फ मिळतो तो मासळीवाल्यांकडे. डहाणूहून बर्फाची लादी आणली. बाथरूममध्ये दिवा मालवून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून मी रोल डब्यात भरत होतो आणि बाहेरून चौकशी चालू होती.

"अहो, आत आहात ना?"

"हो."

"मग बोंबलाचा वास कसा येतोय?"

रोल निघाला, छानच निघाला. त्यावर मी टोपलीभर चिकूंचा फोटो काढला होता, उत्तम काळीपत्ती, हातात मावणार नाही असं फळ. पण चिकूचं सगळं सौंदर्य त्याच्या रंगात आहे, हे कृष्णधवल फोटो बघितल्यावर कळलं. आत्याने फोटो हातात घेतला आणि कौतुकाने म्हणाली, "बटाटे छान आलेत. तळेगावचे का?" घोलवडच्या फळाला मिळालेलं मानांकन मी एका खटक्यात बटाट्याला देऊन टाकलं होतं.

माझी खरी कदर केली ती पुतण्याने, तीही चुकून. कॅमेऱ्याच्या मागच्या दाराच्या खाचेत उजेड आत येऊ नये म्हणून फोमची पट्टी असते. चाळीस वर्षांत तो फोम कुजून चिकट झाला होता. त्यातून उजेड शिरायचा आणि फोटोवर एका बाजूने केशरी लोट उठायचा. पुतण्या तो फोटो बघून थक्क झाला. "काका, हा इफेक्ट कोणता? माझ्या अॅपमध्ये हा प्रीमियमला आहे." त्याच्या मोबाइलमध्ये एक अॅप आहे, ते चांगला फोटो बिघडवून जुन्या रोलसारखा करतं आणि त्याचे दरमहा पैसे घेतं. दुसरं एक अॅप तर काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दाखवतच नाही. म्हणजे गणपतीपर्यंत वाट बघायला लावणारा मी एकटाच वेडा नव्हतो. माझं फक्त मासिक शुल्क नव्हतं. (एका क्लिकला रोल आणि धुलाई धरून चाळीस-पन्नास रुपये पडतात, हे पुतण्याला सांगितलं नाही. हिलाही नाही.)

आणि सगळ्याचा शेवट काय होतो, तर लॅब रोल स्कॅन करून मोबाइलवर पाठवते. मी ते फोटो मोबाइलवर बघतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. तिथे ते आणखी बारीक होतात आणि आत्याचं उत्तर येतं: "छान. नवीन मोबाइल घेतलास का?"

शेवटी फोर्टातल्या त्या गृहस्थांकडे जाऊन कडीवाली लेन्स घेऊन आलो. ते एक शब्द बोलले नाहीत. जुनी ओळख असल्यासारखा डबा पुढे सरकवला. लेन्स बसली, आणि चाललीसुद्धा. कडी फिरवली की भोक उघडतं, फिरवली की मिटतं. वाडीतल्या सावलीत दादांना उभं केलं, मोठं भोक लावलं, एक पटकन खटका, झालं. दादा काठी धरूनच उभे राहिले. "संपलं?" त्यांनी संशयाने विचारलं. रोल धुऊन आला. दादा स्पष्ट, मागची झाडं लोण्यासारखी पुसट, उजेड बरोबर.

आणि फोटो अगदी सामान्य.

कपाळ अर्धं कापलेलं. काठीचं टोक चौकटीबाहेर. मागून एक बादली थेट दादांच्या कानातून उगवलेली. लेन्सकडे बोट दाखवायची सोय नाही, उजेडाला नावं ठेवायची सोय नाही, फोमही तोवर नवा बसवून घेतलेला. सगळं यंत्र नीट चालत होतं आणि मागे फक्त मी उरलो होतो. ही परिस्थिती कुठल्याही छंदिष्ट माणसावर येऊ नये. खटका दाबल्यापासून रोल धुऊन येईपर्यंत मी डहाणू तालुक्यातला सर्वांत चांगला फोटोग्राफर असतो. आणि रोल आल्यावर लेन्स चुकीची निघाली, तर पुढच्या रोलपर्यंतही असतोच. माझ्या ओळखीतले बाकीचे रोलवालेही बघतो. ज्यांची यंत्रं नीट चालतात ते उदास असतात. ज्यांच्या कॅमेऱ्यात काहीतरी अडतं, गळतं, मिटत नाही, ते भेटल्यावर तासभर आनंदाने बोलतात आणि त्यात फोटोंचा विषय निघत नाही.

म्हणून कडीवाली लेन्स मी पुतण्याला देऊन टाकली आहे. 'जी' पुन्हा लावली आहे आणि 'ई'च्या शोधात आहे. तरी वाचकांना विनंती, की कुणाच्या माळ्यावर, कपाटात किंवा सुटकेसमध्ये बुरशी लागलेली, दाते झिजलेली किंवा भलत्याच कॅमेऱ्याची लेन्स पडलेली असल्यास कळवावं. किंमत बोलून ठरवू. अट एकच, ती माझ्या कॅमेऱ्यावर नीट चालता कामा नये. फोन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करावा, तेव्हा ही झोपलेली असते.